अप्पांच्या खिशातला जाड माणूस

अप्पा गेल्याचा फोन सकाळी आला. अप्पा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. त्यांचा मुलगा महेश आत्याचा नवरा म्हणून मला मामाच म्हणतो, तो रडतच म्हणाला, “मामा, मखराचं तेवढं तुम्ही बघा.” आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात, त्यासाठी मखर करायचं असतं. धाराशिवहून निघता निघता मी भूमच्या सुताराला फोनवरच माप सांगून टाकलं... चांगलं ऐसपैस करा, मजबूत करा, आठ माणसांनी उचलायचं आहे. सुतार म्हणाला, “एवढं मोठं?” मी म्हणालो, “अहो, अप्पा आहेत ते.” पोचून बघतो तर त्या मखरात अप्पा म्हणजे मोठ्या टोपलीत एकच पेढा. दोन्ही अंगांनी उशा लावाव्या लागल्या. सहा वर्षांपूर्वीच अप्पांनी पन्नास किलो वजन उतरवलं होतं आणि मी माप दिलं ते जुन्या अप्पांचं. डोळ्याला पदर लावून बसलेल्या वहिनी त्या उशांकडं बघून म्हणाल्या, “दाजींनी ह्यांना परत जाड केलं बगा.” त्या दिवशी घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

भूमला अप्पांची खव्याची भट्टी. खवा झाला का नाही, हे कढईतून चिमूटभर घेऊन, बोटात चोळून, जिभेवर ठेवून ठरवायचं असतं. अशा दिवसाला कितीतरी कढया, आणि अप्पांची चिमूट म्हणजे आपली मूठ. माझ्या लग्नात त्यांच्यासाठी मांडवात लोखंडी खुर्ची वेगळी मागवली होती. त्यांच्या शेजारी उभं राहिलं की मी बारीक दिसायचो, त्यामुळं मी बरीच वर्षं स्वतःला बारीकच समजत आलो. पुढं गुडघ्यांनी जाब विचारला तेव्हा अप्पांनी जिभेची परीक्षा बंद केली. खवा नुसता चोळून आणि वास घेऊन ओळखायला लागले. सकाळ-संध्याकाळ भट्टीपासून एसटी स्टँडपर्यंत चालायचे. बघता बघता माणूस निम्मा झाला. म्हातारपणी नातवाच्या मागं पळायला लागला.

आम्हाला वाटलं, आता अप्पांना कशाची भीती नाही. पण कढईचा चटका बसला तर जखम महिनाभर चिघळायची. थंडीत धरलेला खोकला होळीपर्यंत सोडायचा नाही. मी शहाणपणानं सांगितलं, “अप्पा, जरा खात जा. अंगात काही उरलंच नाही तर रोगाशी भांडणार कोण?” हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की धाराशिवच्या डॉक्टरांपुढंही मी ते म्हणून दाखवलं. डॉक्टरांनी अप्पांना सोडून माझ्याच पोटाकडं बघितलं. मग समजावून सांगितलं, की जाडीच्या वर्षांत शरीराच्या राखणदार पेशी सारख्या चिडलेल्या असतात आणि खऱ्या रोगाच्या वेळी कमी पडतात. वजन उतरलं तरी त्या लगेच शांत होत नाहीत, कित्येक वर्षं ती जाडी लक्षात ठेवतात, असं आता दिसायला लागलंय. तेव्हा वजन परत वाढू द्यायचं नाही, लस चुकवायची नाही आणि ताप अंगावर काढायचा नाही. मला निम्मंच कळलं. अप्पांना भूमला सोडायला निघालो तेव्हा एसटीत ते म्हणाले, “दाजी, सोपं हाय. भट्टी इझली तरी कढई लई वेळ गरम राहती. म्हनून काय भट्टी इझवायचीच न्हाय व्हय?”

तेव्हापासून अप्पांच्या वरच्या खिशात एक फोटो असायचा, त्या लोखंडी खुर्चीतला. नवा डॉक्टर त्यांची काटकी बघून साधी सर्दी म्हणायला लागला की अप्पा फोटो टेबलावर ठेवायचे. “डाक्टर, ह्यो बी मीच हाय. ह्याला बगून औषध द्या.” एकानं विचारलं, “हे वडील का तुमचे?” अप्पा म्हणाले, “वडलांनी एवढा तरास दिला न्हाय.” मला मात्र फोटो दाखवून ते नुसतेच हसायचे.

यंदाच्या लग्नसराईत खव्याची मागणी वाढली आणि अप्पांनी स्वतःचा नियम एकदाच मोडला. तीन दिवस ताप अंगावर घेऊन भट्टीपाशी उभे राहिले. “एवढी लग्नं हून जाऊ द्या, मग दाखवतो,” म्हणाले. दवाखान्यात नेलं तेव्हा छातीत न्यूमोनिया भरला होता. फोटो भट्टीवरच्या खुंटीला, सदऱ्यात राहिला... महेशनं तो दिवसकार्यानंतर माझ्या हातात ठेवला.

अप्पांच्या नादानं मीही सकाळी चालायला लागलो होतो. चार किलो उतरले होते, ते मी सगळ्या नातेवाइकांना कळवलंही होतं. अप्पा गेले आणि माझं चालणं थांबलं. तीन आठवड्यांनी बायको दारात येऊन म्हणाली, “चला. चालत दवाखान्यापर्यंत जाऊ, तुमची लस बी घेऊन येऊ.” मी सोफ्यातून हललो नाही. म्हणालो, “अप्पांनी एवढा जिवाचा आटापिटा केला, शेवटी शरीरानं जुनंच लक्षात ठेवलं. काय मिळालं त्यांना?”

भाऊ तिचा गेला होता, आणि हे मी तिला विचारत होतो. तिनं कोपऱ्यातल्या माझ्या सँडल उचलून आणल्या आणि माझ्या पायाशी खाली बसली.

“सहा वर्षं अप्पांनी स्वतःच्या सँडलचा पट्टा स्वतः वाकून लावला,” ती म्हणाली. “तुमचा रोज मी लावते.”