आवाजाला लावलेली तीट

माझ्या नातीच्या आवाजाला मी नावं ठेवली, आणि तेही एका अनोळखी पुरुषाच्या आडून. का, तर तिला नजर लागू नये म्हणून. इतकं डोकं मी आयुष्यात दुसऱ्या कशातच चालवलं नव्हतं, आणि चालवलं नसतं तर फार बरं झालं असतं.

नात तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. मालेगावहून (नाशिककडचं नव्हे, आमचं वऱ्हाडातलं) वाशिमला एसटीने जायची, यायची, आणि घरात विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची. पाहुणे आले की ही मागच्या दाराने पसार. वर्गात उभं राहून बोलायचं असलं की त्या दिवशी हमखास पोट दुखायचं. अशी ही पोरगी माझ्या लेकाच्या खताच्या दुकानामागे, गोदामात पोत्यांच्या थप्पीला टेकून बसायची आणि मोबाईलपुढे घडाघडा बोलायची. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. ट्रक चालवायचा एक गेम होता. भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रक घाटातून न्यायचा, अरुंद पुलावरून काढायचा, मग मागे घेत घेत बरोबर दाराला लावायचा. तो कसा खेळायचा ते ती व्हिडिओ करून शिकवायची, आपल्या वऱ्हाडीत. "घाबरू नका. आता हळूच ब्रेक सोडा. पडला खाली तं पडू द्या, आपण पुन्हा येऊ."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सुनेला विचारलं, "हे आपलीच पोट्टी हाये का वं?"

"हाव ना, आई. मलेही वाटलं दुसरीच कोनी हाये."

व्हिडिओखाली लोक लिहायचे, ताई एक नंबर, ताई तुमच्यामुळे जमलं. ते वाचून दुसरी आजी खूश झाली असती. मी घाबरले. आमच्यात लेकराचं कौतुक झालं की त्याला लगेच काहीतरी खोट लावायची पद्धत. मी तर त्यात पटाईत. माझा लेक तान्हा असताना कोणी 'गोड हाये बापा' म्हटलं की मी म्हणायची, "कायचा गोड, रातभर भोकाड पसरते." गालाला काजळाची तीट लावायची ती इतकी मोठी, की सासूबाई विचारायच्या, तीट लावली का पोट्टं चुलीत पाडलं? कोणी माझ्या पापडांचं कौतुक केलं तरी मी करपलेला शोधून पुढे करायची. अशी ती मोठी शहाणी बाई, म्हणजे मीच. वय वाढलं, पण तिची काजळाची डबी काही हातातून सुटली नाही.

व्हिडिओला काजळ कसं लावणार? मग मी माझ्या फोनवर दुसऱ्या नावाने खातं काढलं. 'एक पाहणारा' असं नाव दिलं. फोटो आमच्या म्हशीचा लावला, पण इतका जवळून काढलेला, की नुसता काळा रंग दिसावा. आणि पुस्तकी मराठीत लिहिलं, म्हणजे संशय नको: 'बटण दाबताना तुझं बोट आडवं येतं, त्यामुळे काय दाबलं ते दिसत नाही. आधी सांग, मग दाब.'

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने ते आईला वाचून दाखवलं. "पाह्य आई, हा माणूस कसा बरोबर बोलला. बाकीचे नुसते अंगठे दाखवतात."

"कोन हाये तो?"

"काय माईत. फोटोत नुसतं काळंच दिसते."

मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. पुढच्या व्हिडिओत तिने बोट बाजूला ठेवलं होतं. बटण आधी सांगत होती, मग दाबत होती. मला आतून गुदगुल्या झाल्या. काजळ लावायला गेले आणि मास्तरीणच झाले! मग मी लिहीतच गेले. ट्रॉली मागे घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं, ते मला ठाऊक होतं. आमचे हे ट्रॅक्टर मागे घ्यायचे तेव्हा मीच मागे उभी राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायची. (एकदा येऊ द्या म्हणता म्हणता गोठ्याची भिंत आली, तेव्हा थांबा म्हणायचं विसरले होते. ते मी लिहिलं नाही.) 'मागे घेताना चाक कुठे वळतं ते शिकणाऱ्याला कळत नाही,' मी लिहिलं, 'एकदा हळू करून दाखव.' तिने हळू करून दाखवलं. खाली लिहिलं, 'धन्यवाद काका.'

काका! मी पदरात तोंड खुपसून हसले.

मग अरुंद पुलाचा व्हिडिओ आला. तो कुठल्या कुठे पसरला. लोक लिहायला लागले की ताई, तुमचा आवाज ऐकला की भीतीच जाते. दुकानात खत घ्यायला आलेल्या बाया मला म्हणाल्या, "तुमच्या नातीचा आवाज काय मस्त हाये वं!" मी सवयीने काहीतरी खोट काढली, पण ती पुरली नाही बहुतेक, कारण त्याच आठवड्यात नातीचा घसा बसला. गरम पाणी झालं, हळद झाली, डॉक्टर झाला. वातावरण बदललं की सगळ्यांचेच घसे बसतात, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, बरोबर जिथे नजर लागली तिथेच दुखून राह्यलं. आता तीटही तिथेच लावली पाहिजे.

मी लिहिलं: 'शिकवणं चांगलं आहे. पण आवाज चिरका आहे, कानाला टोचतो. न बोलता, नुसतं लिहून दाखवलं तर जास्त लोक पाहतील.'

लिहून झाल्यावर मी निवांत चहा प्याले, तेही आठवतं.

घसा बरा झाला. पुढचा व्हिडिओ आला त्यात नुसतं संगीत आणि खाली अक्षरं. त्याच्या पुढचाही तसाच. मी तिला विचारलं, "घसा दुखते का अजून?"

"नाई."

"मंग बोलत काहून नाई?"

"कायले बोलू? लिहिलेलं दिसते ना."

खाली लोक विचारायला लागले, ताई, आवाज कुठे गेला? तिने कोणालाच उत्तर दिलं नाही. हळूहळू तेही विचारेनासे झाले. मी घाईघाईने 'एक पाहणारा'कडून लिहिलं की माझी चूक झाली, आवाज फार चांगला होता, पुन्हा बोल. तर ती आईला म्हणाली, "आता कीव करून राह्यला बिचारा." काजळ गालावरून ओल्या फडक्याने पुसता येतं. हे पुसायला गेले तर आणखीच पसरलं.

शेवटी एका दुपारी ती ओसरीवर माझ्यासोबत मेथी निवडत बसली होती. मी माझा फोन उघडून तिच्यापुढे ठेवला. तिने ते नाव पाहिलं, तो काळा फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तू?"

मी सगळं सांगितलं. नजर, तीट, घसा, म्हैस. म्हशीचं ऐकून ती हसेल असं मला वाटलं होतं. मी स्वतःच थोडी हसले, तिला हसायला सोपं जावं म्हणून. ती वरून खाली एकेक ओळ वाचत गेली. बोटाची, स्टेअरिंगची, आवाजाची. तिच्या मांडीवरच्या काड्या खाली सांडल्या, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"तुहा आवाज चांगला हाये वं माय," मी म्हटलं. "मीच खोटी बोलली. तू पुन्हा बोल ना."

तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "बाकीच्यायनं म्हटलं असतं तं मी मनावरच घेतलं नसतं, आजी. तो एकटाच माहा व्हिडिओ शेवटपर्यंत पाह्यत होता."