वीसपैकी सात

साध्या गोष्टीला साधी राहू न देणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. ते म्हणजे आमचे मास्तर, शाळेत मला चित्रकला शिकवायचे. मी काढलेल्या बैलाला वीसपैकी सात मार्क देऊन त्यांनी मला काठावर पास केलं, ते मी अजून विसरलेलो नाही. पुढे मी आंब्याच्या पेट्या उचलता उचलता व्यापारी झालो, बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायला शिकलो, बंगला बांधला. पण त्या बैलाला न्याय मिळाला नाही. निवृत्त झाल्यावर मास्तर गळ्यात सुतळीला बांधलेलं भिंग अडकवून रोज दुपारी माझ्या ओटीवर येऊ लागले. त्यांना प्रत्येक वस्तूत अर्थ दिसतो. ताटात बांगड्याचा काटा उरला की म्हणतात, "थांब, उचलू नको, काय रचना आहे!" एकदा मी ती रचना बघत असताना मांजराने माझा दुसरा बांगडा नेला. भिंतीवरच्या ओलीच्या डागात त्यांना वादळातलं गलबत दिसलं, तेव्हा त्यांनी रंगाऱ्याला शिडीवरून खाली उतरवलं. "तीन पावसाळ्यांचं काम आहे मेल्या, ब्रश लावशील तर बघ!" माझी ती भिंत आजही अर्धी पिवळी आणि अर्धी गलबत आहे.

लांज्याला एक जुनं कपाट घेताना मालक काही केल्या भाव उतरेना, म्हणून मी वर टांगलेली वीतभर तसबीर फुकट मागून घेतली. एक काळा चौकोन, त्याखालून डोकावणाऱ्या पाच वाकड्या रेघा, तळाला पेन्सिलीने सही आणि सात भागिले वीस. घरी आणल्यावर मास्तरांनी तिला भिंग लावलं. "मोठ्या चित्रकाराचा छापा आहे रे हा, अगदी म्हातारपणचा. वीस प्रतींतली सातवी."

"वीसपैकी सात? म्हणजे यालाही तुम्हीच तपासलंत?" मी म्हणालो.

पुण्याचे एक संग्राहक ते चित्र विकत घ्यायला आले. मी मास्तरांना बजावलं होतं, "अर्थ एकच सांगा आणि भारी सांगा." पाहुण्यांनी कोकम सरबत हातात घेतलं आणि मास्तर सुटले. आधी तो चौकोन म्हणजे जयगडच्या खाडीवरचा काळोख आणि रेघा म्हणजे डोलकाठ्या झाल्या. मग छत्री आणि पाय. मग घर आणि मुळं. नवव्या अर्थाला त्यांनी चित्र उलटं धरलं. पाहुणे काकुळतीला आले. "सर, पण नक्की काय आहे हे?"

"खरा अर्थ अजून मला दिसलेलाच नाही," मास्तर म्हणाले, "आणि तो दिसेपर्यंत हे इथून हलणार नाही!" आणि चित्र छातीशी धरून उभे राहिले. माझं चित्र! पाहुणे सरबत संपवून गेले ते गेलेच. मी पाट भिरकावला. "मास्तर, परत पायरी चढलात तर याद राखा!" दुसऱ्या दुपारी ते आले, "काल फार सुंदर चिडलास हो," म्हणाले आणि चित्रासमोर बसले.

या वर्षी त्यांची नजर गेली. डॉक्टर म्हणाले, परत यायची नाही. भिंग गळ्यात तसंच आहे. काठी टेकत येतात आणि विचारतात, "सांग रे, आज काय दिसतंय?" मी रोज एकच सांगायचो, "डाग आणि पाच रेघा." मग ते गळ्यातलं भिंग पुसत बसायचे, आणि ते पुसणं मला सोसेना. परवा मी त्यांच्या गळ्यातलं भिंग मास्तरांसकट ओढून चित्राला लावलं.

"मास्तर, हा काळा चौकोन म्हणजे रुमाल आहे. खाली बोटं. भाव चाललाय."

"कोणाचा?"

"म्हाताऱ्या चित्रकाराचा."

"आणि समोर कोण?"

"रेड्यावरून आलेलं गिऱ्हाईक." त्यांना कळलं.

"जमला का भाव?"

"कसला जमतोय! म्हातारा चिवट आहे, सोडत नाही."

मास्तर बराच वेळ हसत होते. मग हात पुढे करून म्हणाले, "टाक रुमाल." मी टाकला. त्याखाली चाचपडत त्यांनी माझं एक बोट दाबलं.

"एवढ्याला एकच मार्क?" मी ओरडलो.

"बैलाचे सात, झाले की आठ."

"दहा तरी द्या, मास्तर!"

"उद्या बघू."

एरवी उद्याच्या वायद्यावर मी कुणाला दारात उभं करत नाही. त्या दिवशी मात्र लगेच कबूल झालो, आणि रुमाल काढायची घाई केली नाही.