आडनाव न विचारता

प्रमिलाच्या मुलाचा, सिद्धार्थचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत बसले होते. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मी "बरं" म्हणाले. बरं... हा काय शब्द झाला? पण तोंडातून गेला तो गेला. फोन ठेवून मी उरलेले मटार सोलले, टरफलं पिशवीत भरली, ओटा पुसला आणि मग साडी बदलली. प्रमिलाच्या घरी पोचले तेव्हा दारात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. मी एका खुर्चीवर बसले आणि समोरच्या स्कूटरच्या नंबरप्लेटकडे बघत राहिले. आता काही आठवडे झाले, तरी माझं तसंच चाललंय. जेवते, झोपते, भाजीवाल्याशी घासाघीस करते. आत काही हलत नाही. मैत्रीण गेल्यावर माणसाला रडू येतं, मला तेही जमेना.

प्रमिला आणि मी एकाच शाळेत होतो. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. दोघींची घरं सातपूरला, त्यामुळे जाता-येता बस एकच आणि बसमधली भांडणंही रोजची. ती घोटीकडची, बौद्ध घरातली. तिच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक स्वतःच्या हाताने उचलून गावच्या नदीत सोडले होते. मी चांदवडकडची, देवाला विचारल्याशिवाय बैलसुद्धा विकत न घेणाऱ्या घरातली. मला देव बघायचा होता. मानायचा नव्हे, मानत तर होतेच, बघायचा होता. त्यासाठी मी एका महाराजांचा अनुग्रह घेतला, जप केला, उपास धरले, मौन पाळलं. सत्संगात बायका आपापले अनुभव सांगायच्या. कुणाला डोळे मिटले की निळा प्रकाश दिसायचा, कुणाला चंदनाचा वास यायचा, एकीला तर नाव घेऊन हाक ऐकू आली होती. मला पायाला मुंग्या यायच्या. महाराज म्हणायचे, धीर धर. धीर धरता धरता केस पांढरे झाले, पण मुंग्यांच्या पुढे गाडी काही सरकली नाही. प्रमिलाला हे सगळं मी सांगायचे आणि ती पदर तोंडाला लावून हसायची.

आणि गंमत बघा, झालं ते तिला.

सहामाही परीक्षा चालू होती. त्या दिवशी बसमध्ये ती खिडकीशी गप्प बसून होती. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आज सुपरव्हिजन करताना काहीतरी झालं." मला वाटलं, कॉपी पकडली असेल. तसं नव्हतं. वर्ग शांत होता, पोरं माना खाली घालून लिहीत होती, ही फळ्यापाशी उभी होती, आणि एकदम हिला कळलं की इथे कोणीतरी आहे. "दिसलं नाही काही. ऐकूही आलं नाही. पण कोणीतरी मला ओळखत होतं गं... पूर्ण. मी काही ओळखलं नाही, मलाच ओळखलं." एक मुलगी पुरवणीसाठी हात वर करून उभी होती, तिच्याकडे हिचं लक्षच नव्हतं. पोरीने "बाई, ओ बाई" करून हाका मारल्या तेव्हा ही भानावर आली. मग आमचा स्टॉप यायच्या जरा आधी ती म्हणाली, "शोभा, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी आडनाव न विचारता ओळखलं."

तिचं आडनाव कळल्यावर लोकांचे चेहरे कसे बदलायचे, ते मी आमच्या स्टाफरूममध्येच पाहिलं होतं. पण त्या वेळी माझ्या मनात तेही आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की हिला का? ना जप, ना उपास, ना देवघर, आणि हिला? असा राग आला की काय सांगू. "तुला देवाचा साक्षात्कार झालाय," मी म्हणाले, तेही हिने माझं काही उचलून नेल्यासारखं.

"देव म्हणू नकोस," ती म्हणाली. "ते टाक नदीत सोडले म्हणून गावाने माझ्या वडिलांना काम देणं बंद केलं होतं. आम्ही उपाशी झोपलोय. आणि त्यांच्या लेकीने एका दुपारी वर्गात उभं राहून देव परत घरात आणायचा?"

"मग होतं काय ते?"

"माहीत नाही. पोरांना मी काय शिकवते? निरीक्षण वेगळं लिहा, अनुमान वेगळं लिहा. माझ्याकडे निरीक्षण आहे. अनुमान तुझं."

त्यानंतर ती फार बदलली असं म्हणावं, तर तसंही नाही. चहात साखर तेवढीच जास्त, वह्या तपासताना तोंडाचा पट्टा तसाच चालू. एक मात्र झालं. स्टाफरूममध्ये कुणी टोमणा मारला की आधी तिचा चेहरा पडायचा, तो पडेनासा झाला. मी तिची पाठ सोडली नाही. नोकरीत असताना, निवृत्त झाल्यावर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, संधी मिळाली की विचारायचे, परत आलं का गं ते? ती म्हणायची, नाही. मग भास असेल, मी म्हणायचे. "असेल. पण भासाला मी कशी कळणार? त्याला मी कळले होते." याच्या पुढे एक अक्षर तिने कधी वाढवलं नाही, आणि कमीही केलं नाही. सत्संगातल्या बायकांचे अनुभव दर गुरुवारी थोडे थोडे मोठे व्हायचे; हिचं तेवढंच राहिलं. म्हणून तर माझा विश्वास बसला. खरं सांगते, पुढची सगळी वर्षं माझा देव तिच्या त्या एका दुपारवर उभा होता. माझ्या हाती स्वतःचं काहीच लागलेलं नव्हतं.

तिचा आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. शेवटचं भेटायला दवाखान्यात गेले ती ठरवूनच गेले. मरणाच्या दारातल्या माणसाला असं विचारू नये हे मला कळतं, पण ती गेली की मी कुणाला विचारणार होते? सिद्धार्थ औषधं आणायला खाली गेला तेव्हा मी म्हणाले, "प्रमिला, आता तरी सांग. देवच होता ना? मला गरज आहे गं."

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तुझं ते पुटपुटणं असतं ना... ते कर इथे. मी ऐकत पडते."

मी तिचा हात हातात घेतला आणि जप सुरू केला. नेहमीसारखाच, कोरडा. फिनेलचा वास येत होता, शेजारच्या पलंगावर कुणी डबा उघडला होता, आणि माझं निम्मं लक्ष त्या डब्यात होतं. किती वेळ गेला कोण जाणे. तिच्या हाताची पकड सैल झाली म्हणून मी घाबरून वर बघितलं. तिचे डोळे उघडे होते. कपाळावरच्या आठ्या, त्या आजारपणात कायमच्या बसल्या होत्या, त्या गेल्या होत्या.

"तेच आहे, शोभा," ती म्हणाली.

"काय?"

"वर्गातलं. तेच."

मी इकडेतिकडे बघितलं. सलाईनचा स्टँड, भिंतीवरचं घड्याळ, डबा खाणारी बाई. माझ्यासाठी काहीही नव्हतं. तिच्या इतक्या जवळ होते, हात हातात होता, तोंडात देवाचं नाव माझ्याच होतं, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

"थांबू नकोस," ती म्हणाली. मी परत सुरू केलं. जरा वेळाने तिने हसल्यासारखं केलं. "आणि देव म्हणू नकोस." मग तिचा डोळा लागला. सिद्धार्थ आल्यावर मी उठून घरी आले. त्यानंतरचं तिचं बोलणं मला ऐकायला मिळालं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे तिच्या आठवणीसाठी जमले होते तेव्हा, सिद्धार्थने मला बोलायला उभं केलं. मी तिच्या शिकवण्याबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले आणि खाली बसले. नंतर स्वयंपाकघरात त्याला बाकीचं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, हे लिहा. आई लपवायची नाही, फक्त वाद नको म्हणायची. पण तिच्या तोंडी देव घालू नका." मी घातलेला नाही. तिचं जेवढं होतं, तेवढंच लिहिलंय.

तिची खोली अजून तशीच आहे. पलंगावर तीच निळी चादर, खिडकीत तिचा चष्मा. दुपारी सिद्धार्थ आणि सून मनीषा दोघंही कामावर असतात. किल्ली त्यांनी मला देऊन ठेवलीय. मी जाते, पलंगापाशी बसते आणि जप करते. परवा मनीषा लवकर घरी आली. दारात उभी राहून बघत होती, ते मला कळलंच नाही. मी डोळे उघडले तेव्हा तिने हळूच विचारलं, "काकू, काही जाणवतं का हो इथे?"

मी म्हणाले, "नाही."

"मग?"

"थांबू नकोस म्हणाली होती. थांब म्हणायला राहिली नाही."