गंगूच्या कमरेची घाटी

नगरच्या स्टँडवर जामखेडच्या गाडीला दोन तास अवकाश होता. माझा मुलगा श्रीधर तिथून पायी पंधरा मिनिटांच्या अंतरावर होता. मी त्याला भेटायला गेलो नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात दोनदा चहा घेतला, एकच वर्तमानपत्र दोनदा वाचलं आणि गाडी लागताच खिडकीजवळची जागा धरली.

या प्रवासाला निघालो कशासाठी, ते आधी सांगायला हवं. श्रीधर चौदा वर्षांचा. तो बोलत नाही, नजरेला नजर देत नाही. लहानपणापासून त्याला आनंद एकाच गोष्टीत, पळण्यात. दार उघडं दिसलं की सुटायचा आणि पळताना मोठ्याने हसायचा. डॉक्टरांनी कसलंसं इंग्रजी नाव सांगितलं आणि यावर औषध नाही हेही सांगितलं. नवव्या वर्षी तो टांग्याखाली येता येता वाचला. त्यानंतर मी जुन्या धोतराच्या पट्टीने त्याचे हात खाटेला बांधू लागलो. सुरुवातीला घटकाभर, मग दिवसभर. पुढे नगरच्या एका संस्थेत नेऊन ठेवला. पुण्यात ठेवला असता तर ओळखीच्यांना कळलं असतं, म्हणून नगर.

आमच्या कचेरीतला शिपाई शहाजी खर्ड्याचा. श्रीधरची ट्रंक संस्थेत पोचवायला तोच माझ्याबरोबर आला होता. एके दिवशी तो म्हणाला, "सायेब, रागावू नका. आमच्या खर्ड्याला माझ्या चुलतभावाची दोन पोरं अशीच हायेत. पर घरीच हायेत. रोज पळत्यात. लई मजेत हायेत."

घरी हे सांगितलं. पत्नी चार वर्षांत या विषयावर बोलली नव्हती. ती म्हणाली, "एकदा बघून या. त्यांना जमतं तर आपल्याला का जमू नये, एवढंच बघून या." तिने डबाभर लाडू दिले. परत आल्यावर मला तिला उत्तर द्यायचं होतं. श्रीधरला घरी आणायचं की नाही, हे त्या उत्तरावर ठरणार होतं.

नगर सोडलं आणि हिरवा रंग संपला. पावसाने पाठ फिरवल्याचं हे दुसरं वर्ष. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं खडी फोडत बसलेली, डोक्यावर ओली फडकी. आष्टीच्या पुढे एका पुलाखाली पाणी नव्हतं, गुरंही नव्हती. नुसते खुरांचे जुने ठसे चिखलात वाळून गेले होते. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय बघताय? पानी व्हय? ते बघायला मी बी खिडकीत बसत असतो."

जामखेडला गाडी बदलून खर्ड्याला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. गावाच्या कडेला किल्ल्याचे उंच तट आणि तटावर घारी. शहाजीचा चुलतभाऊ किसन न्यायला आला होता. घरात त्याची बायको कौसाबाई, तेरा वर्षांची मुलगी गंगू आणि दहा वर्षांचा नामा. गंगू भिंतीला टेकून स्वतःच्या बोटांकडे बघत होती. नामा ऐकलेला शेवटचा शब्द परत म्हणत होता.

"बसा, भाऊ," कौसाबाई म्हणाल्या.

"भाऊ," नामा म्हणाला.

लाडवांचा डबा उघडताच त्याने तो ओढून घेतला आणि सगळे लाडू लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले. कुणी हात लावला की किंचाळायचा. "आता ती रांग मोडस्तवर लाडू न्हाई," किसन म्हणाला. "रेशनच्या दुकानात बी एवढी सरळ रांग नसती."

मी आलो म्हणून चूल लवकर पेटली. ताटात मिलोची (परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची) भाकरी आणि वाटलेली मिरची. "ही म्हनं तिकडं डुकरांना घालत्यात," किसनने सांगितलं. "आमाला मिळाली म्हनून डुकरं उपाशी असतील बिचारी."

किल्ल्याची सावली समोरच्या लिंबाला टेकली आणि गंगू उठली. कौसाबाईंनी तिच्या कमरेला सुताचा दोर बांधला. दोराला पितळेची घाटी (बैलाच्या गळ्यात बांधतात ती घंटा) होती. पोरगी सुटली आणि मागोमाग नामा. मी दारात उभा राहून बघत होतो. तिच्या पळण्यात घाई नव्हती. हात पंखांसारखे पसरलेले, मान वर, आणि तोंडावर असा आनंद, जो मी पूर्वी पाहिला होता. माझ्याच घरी पाहिला होता आणि बांधून टाकला होता.

घाटी गावातून ठणठणत गेली. शिंप्याच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, "आली रंऽ महारानी आली!" पलीकडून एका म्हातारीचा आवाज, "पळ गं बया, नवरा मागं लागलाय!" मग आणखी लांबून कुणीतरी. मला ते ऐकवेना. लोक पोरीची चेष्टा करतात आणि आईबाप ऐकून घेतात, असं मला वाटलं.

"घाटी कशासाठी?" मी किसनला विचारलं.

"ढवळ्या बैल गुरांच्या छावनीला गेला. घाटी रिकामी हुती. आमी दोघं बी कामावर, मागं कोन पळनार? म्हनून बांधली."

"लोक हसतात. वाईट नाही वाटत?"

"हसत्यात की. हसू द्या." त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही आणि मी पुढे विचारलं नाही. मला उत्तर माहीत आहे असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको दुष्काळी कामावर गेली. जाताना कौसाबाईंनी घाटी बांधली आणि म्हणाल्या, "भाऊ, ऊन तटावर आलं की जात्याल. तुमी काय करू नगा. येत्यात आपली आपन."

गंगू खाली वाकली तेव्हा पोलकं वर सरकलं. कमरेभोवती दोराचा काळा वळ पडला होता. श्रीधरच्या मनगटांवर असेच वळ होते. संस्थेत सोडताना तिथल्या बाईंनी ते बघितले आणि सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या होत्या. मी उठलो. गंगूने हरकत घेतली नाही, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी गाठ सोडली. मनात म्हटलं, निदान एका लेकराला तरी माझ्या हाताने मोकळं केलं. ऊन तटावर आलं. गंगू घाटीवाचून पळत गेली. नामा चार पावलं गेला आणि उंबऱ्यापाशी परत येऊन उभा राहिला. त्याचं मला नवल वाटलं, पण विचार केला नाही. त्याला शेजारणीपाशी बसवलं, घाटी खांद्यावरच्या पिशवीत टाकली आणि कौसाबाईंना सांगायला खडी केंद्राकडे निघालो. खोटं कशाला बोलू, मला शाबासकी हवी होती.

मैलभर चाललो. रस्त्याच्या कडेला शंभरेक बायामाणसं हातोडे चालवत होती. इतक्या हातोड्यांच्या आवाजात शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी कौसाबाईंजवळ पोचलो, तेवढ्यात एक बाई ओरडली, "थांबा गंऽ!" आणि एकेक करून सगळे हातोडे थांबले. मुकादमाने पाठ फिरवून विडी पेटवली. माळावर अशी शांतता झाली की वाऱ्याने फडफडणारी फडकी ऐकू येत होती. कौसाबाई मान तिरकी करून ऐकत होत्या.

"काय चाललंय?" मी शेजारच्या म्हातारीला हळूच विचारलं.

"पोरीची घाटी ऐकत्यात. ही वेळ असती तिची. घाटी वाजली की कौसाला कळतं कुठवर आली. नामा बी त्या आवाजामागंच पळतो. वाटंवरली मानसं बी फुडच्याला हाळी देत्यात, आली रं आली म्हनून. आन् पाटलाच्या इहिरीवर सुरुंग लावत्यात न्हवं? ते गडी घाटी ऐकली की वात पेटवत न्हाईत. त्याबिगर आई सोडंल व्हय पोरीला?"

पिशवीत माझा हात गेला. घाटीचा लोळा मी बोटांत घट्ट धरला, आवाज होऊ नये म्हणून.

"आज का गं ऐकू यीना?" कौसाबाई म्हणाल्या.

"वारं उलटं हाय," कुणीतरी म्हणालं. "फुडल्या खेपंला यील ऐकू." हातोडे पुन्हा सुरू झाले.

इथे मी बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. आत्ता सांगतो, असं मनाशी म्हणत मी उभा राहिलो. विहीर लांब असेल, गड्यांना ती दिसेलच, एवढ्यात परत फिरली असेल. शंभर लोकांदेखत पुण्याचा शहाणा माणूस म्हणून उघडा पडायची मला लाज वाटत होती. हीच लाज श्रीधरला नगरला घेऊन गेली होती. हातोडे दुसऱ्यांदा थांबले. कौसाबाईंनी मान तिरकी केली. घाटीऐवजी सुरुंगाचा बार ऐकू आला.

त्या हातोडा टाकून पळाल्या. मागे बाया, त्यांच्या मागे मी.

गंगू विहिरीजवळच्या बांधाला चिकटून बसली होती. घोट्याला दगड चाटून गेला होता, थोडं रक्त होतं. बाकी अंगाला काही नव्हतं. पण दोन्ही कानांवर हात दाबून ती कपाळ गुडघ्यांवर आपटत होती आणि तोंडातून एकसारखा बारीक सूर येत होता. "घाटी न्हाई वाजली," विहिरीवरचा गडी ज्याला त्याला सांगत होता. "आईच्यान, न्हाई वाजली."

कौसाबाईंनी लेकीची कंबर चाचपली. "दोर तुटला काय गं?"

मी पिशवीतून हात बाहेर काढला. घाटी वाजली. गंगूने मान वर केली नाही.

"घाटी मी सोडली," मी म्हणालो.

"कवा?"

"सकाळी. वळ पडला होता म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मगाशी हातोडे थांबले, तवा तुमी माझ्या शेजारी हुता."

"हो."

त्या लेकीला उठवून घराकडे निघाल्या.

संध्याकाळी किसन म्हणाला, "तुमी चांगल्यासाठीच केलं," आणि मला तिथे बसवेना. सावली लिंबाला टेकली. गंगूच्या कमरेला घाटी बांधली, पण ती कोपऱ्यातून हलली नाही. ती हलेना म्हणून नामाही हलेना. "घाटी, घाटी," तो झोपेपर्यंत म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वेळेला शिंपी दुकानाबाहेर येऊन उभा राहिला आणि वाट बघून आत गेला. ती म्हातारी तर दारापर्यंत आली. "चल गं बया, नवरा वाट बघतोय," ती गंगूला म्हणाली. दोनदा म्हणाली. मग पदराने तोंड पुसत निघून गेली.

मी निघालो त्या सकाळी कौसाबाईंनी फडक्यात दोन भाकरी बांधल्या आणि त्यांवर घाटी ठेवली.

"ही न्या. तुमच्या लेकराला बांधा. हितं आता वाजायची न्हाई."

"अगं, चार दिसांनी पळंल पोरगी," किसन म्हणाला.

"पळंल तवा दुसरी बांधू."

हा राग होता की दया, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. लाडवांची रांग कोपऱ्यात तशीच होती, मुंग्या लागलेली.

या खेपेला नगरला उतरलो तो सरळ संस्थेत गेलो. व्यवस्थापक म्हणाले, "आता अगदी शांत आहे. काही त्रास नाही." श्रीधरला बाहेर आणलं. डोकं भादरलेलं, अंगाने सुटलेला. चार वर्षांत मी त्याला तीनदा भेटलो होतो आणि तीनही वेळा ऑफिसात, खुर्चीवर. मी त्याला मागच्या पटांगणात नेलं. फाटक लावलेलं होतं, विहीर नव्हती, सगळं बघून घेतलं. मग त्याच्या कमरेला दोर बांधला आणि म्हटलं, "पळ, बाळ."

दोराची गाठ बसलेली कळताच श्रीधरने दोन्ही मनगटं जुळवून माझ्यासमोर धरली आणि तो तसाच उभा राहिला. घाटी वाजली नाही.

मी त्याला घेऊन निघालो. "पुन्हा जागा मिळेलच असं नाही," व्यवस्थापक म्हणाले. पुण्याच्या गाडीत प्रत्येक गचक्याला घाटी वाजत होती. कंडक्टरने विचारलं, "काका, बैल टपावर चढवलाय का?" गाडी हसली. श्रीधर खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या कमरेचा दोर मी सोडला नाही.

पत्नीने दार उघडलं. त्याला हाताला धरून तिने आत नेलं. रात्री त्याला जेवू घातल्यावर तिने विचारलं, "त्यांना जमतं का हो?"

"जमत होतं," मी म्हणालो. "मी जाईपर्यंत."

आता आठ महिने झाले. खर्ड्याहून शहाजी येतो तेव्हा मी गंगूची चौकशी करतो. तो पावसापाण्याचं बोलू लागतो. रोज संध्याकाळी मी श्रीधरला टेकडीखालच्या मैदानावर नेतो. घाटी बांधली की तो मनगटं पुढे करतो. त्यातलं एक मी हातात धरतो आणि पन्नाशीला आलेला मी धापा टाकत पळतो. तोही माझ्यामागे ओढला जातो. तिथे खेळणारी मुलं ओरडतात, "आले, आले!" मी त्यांना गप्प करत नाही. मी पळतो तोवर घाटी वाजते. मी थांबलो की थांबते.