उग्र वास

आमच्या मांजरीच्या तोंडाला वास यायला लागला तो गाझियाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर. आधी बाबांना वाटलं, बिल्डरने मोरी नीट बांधली नाही. त्या सोसायटीत काहीच नीट बांधलेलं नव्हतं, त्यामुळे आठवडाभर आम्ही जाळीत फिनेल ओतत बसलो. मग एकदा आईच्या मांडीवर बसून मांजरीने जांभई दिली, आईने पदर नाकाला लावला, आणि बिल्डर निर्दोष सुटला.

वासांच्या बाबतीत आई पक्की होती. कुबट, खवट, आंबूस, वशट हे तिच्या लेखी चार वेगळे वास. माझा जन्म दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमधला, मला दोनच वास माहीत, अच्छा आणि गंदा. आईने मांजरीचं तोंड हुंगलं आणि निकाल दिला की हा दुधाचा वास नव्हे, हा उग्र आहे, हिरड्या सडल्यात. ओठ उचलून पाहिलं तर खरंच मागच्या दाढांपाशी लालभडक सूज होती. ती लाळ गाळायची, पंजाने गाल घासायची, दुधात कुस्करलेली पोळी हुंगून मागे सरायची. मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून आई हिरडी पुसायला गेली, तेव्हा दुखलं म्हणून मांजरीने तिच्या बोटाला दात लावला. थेंबभर रक्त आलं. आईने हळद दाबली आणि मांजरीला डॉक्टरकडे न्या म्हणून बाबांच्या मागे लागली.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत पुण्याहून आलेले. त्यांची हिंदी म्हणजे मराठी वाक्याला शेवटी 'है' जोडलेलं. पण फायलींवर हिंदीतून शेरे लिहिल्याबद्दल त्यांना ऑफिसात एक बक्षीस मिळालं होतं, आणि तेव्हापासून त्यांची हिंदी सुधारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. आईला आणि मला ते बाहेर तोंडच उघडू देत नसत. क्वार्टर सोडून कर्ज काढून या फ्लॅटमध्ये आल्यावर तर ते जास्तच जपायला लागले. इथे सगळे प्रायव्हेट कंपन्यांतले, नव्या गाड्यांचे, तिशीतच फ्लॅट घेतलेले. सोसायटीचा सेक्रेटरी त्यांच्यातलाच. तो बाबांना जिन्यात भेटला की त्यांचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसायचा. बाबांना ते दिसायचं, आणि घरी आल्यावर त्याचा राग भाजीच्या मिठावर निघायचा.

खालच्या मार्केटमध्ये काचेच्या दाराचा नवा प्राण्यांचा दवाखाना निघाला होता. मांजरीला पिशवीत घालून बाबा आणि मी गेलो. नेमका आमच्या आधी सेक्रेटरी बसलेला, मांडीवर पांढरं पामेरियन घेऊन. बाबांनी घसा खाकरला आणि डॉक्टरला खणखणीत आवाजात सांगितलं, "डॉक्टरसाब, इसके मुँह का वास बहुत उग्र है।"

मराठीत यात काही चूक नाही. पण हिंदीत वास म्हणजे मुक्काम, आणि उग्र म्हणजे चवताळलेला. डॉक्टरला पहिल्या शब्दाचा अर्थ लागला नाही, दुसरा तेवढा समजला. पिशवीपाशी आलेला हात त्याने मागे घेतला. मांजर किती दिवसांपासून उग्र आहे, लाळ गळते का, खाते-पिते का, असं त्याने लांबूनच विचारलं. बाबांनी खरी उत्तरं दिली. मग डॉक्टरने विचारलं, कोणाला चावली का. बाबांनी तेही खरं सांगितलं. सेक्रेटरी कुत्रं छातीशी धरून दारापर्यंत सरकला.

मी तेव्हा आठवीत होते. मी बाबांची बाही ओढून म्हणाले, "बाबा, त्यांना वाटतंय ती पिसाळलीय. बदबू म्हणा, बदबू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर मला ते स्पष्ट दिसलं. मग त्यांनी सेक्रेटरीकडे पाहिलं. आणि डॉक्टरकडे वळून म्हणाले, "जी हाँ। उग्र ही है।"

डॉक्टरने मांजरीचं तोंड उघडलं नाही. दहा दिवस तिला इथे पिंजऱ्यात ठेवतो म्हणाला, जगली तर घेऊन जा, मेली तर समजून जा. तोवर घरातल्या सगळ्यांनी इंजेक्शनं सुरू करा, मांजर जगली तर ती थांबवा. ती तेव्हा सरकारी इस्पितळात पोटात देत, रोज एक, अशी चौदा. घरी येईपर्यंत ही बातमी सेक्रेटरीने गेटवर पोचवली होती आणि बायका आपापली मुलं आत बोलावत होत्या. मी आईला सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, पोरीला काय कळतंय, डॉक्टर मूर्ख आहे का? आईने माझ्याकडे बघून मान खाली घातली. बोटाला दात तर लागलाच होता, आणि इतक्या वर्षांत नवऱ्याला खोटं पाडायची तिला सवय नव्हती.

रोज सकाळी आम्ही तिघं रांगेत उभे राहायचो. आईच्या पोटावर सुपारीएवढ्या गाठी आल्या. नेसण सैल ठेवून ती वाकून वाकून स्वयंपाक करायची. दहा दिवस झाल्यावर तिने मांजरीची चौकशी केली, तेव्हा बाबा म्हणाले की गेली ती. म्हणजे उरलेली इंजेक्शनं घेणं आलंच. मी खूप रडले. आईने शेवटचीही निमूटपणे घेतली.

नंतर आठवड्याभरातच दुधाच्या बूथवर तो डॉक्टर भेटला. मी आणि आई होतो, बाबा पिशवी धरून मागे. तो आईला तक्रारीच्या सुरात म्हणाला की तुमच्याकडून मांजर न्यायला कोणी आलंच नाही. चांगली धडधाकट होती, फक्त हिरड्या सडलेल्या, दोन दाढा काढल्या असत्या की काम झालं असतं. साहेबांना दोनदा सांगितलं, ते म्हणाले ठेवून घ्या. आता तो कुठवर ठेवणार, मार्केटच्या मागे सोडून दिली.

तसल्या तोंडाने ती उकिरड्यावर काय चावून खाणार होती? आम्ही दोघी मार्केटच्या मागे गेलो, संध्याकाळ होईपर्यंत हाका मारल्या. तिथे नुसते बांधकामाचे खड्डे आणि सिमेंटची रिकामी पोती.

घरी बाबा वर्तमानपत्र धरून बसले होते. आई त्यांच्यासमोर उभी राहिली. एरवी ती त्यांच्याशी काम करता करता बोलायची.

"अहो, मांजराचं एक वेळ सोडा. ती जिवंत आहे हे माहीत असताना तुम्ही मला आणि पोरीला सुया टोचू दिल्यात?"

मला वाटलं, आता ते चिडतील, किंवा निदान मान तरी खाली घालतील. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. सदऱ्याचं टोक वर करून त्यांनी स्वतःच्या पोटावरच्या गाठी दाखवल्या. तेवढ्याच होत्या, आईच्या होत्या तेवढ्याच.

"मी पण घेतली की," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. आई आत गेली. बाबांची कीव यायला हवी हे मला तेव्हाही कळत होतं, पण ती मला आजतागायत आलेली नाही.