शहराची उजवी बाजू

माझ्या थोरल्या बहिणीने साठी उलटल्यावर सायकल विकत घेतली, त्या संध्याकाळी तिच्या मुलीचा मला फोन आला. "मामा, ताबडतोब या. आईने घोळ करून ठेवलाय."

घरात काही बिघडलं की लोक प्लंबरला बोलावतात, आमच्याकडे मला बोलावतात. मी दुरुस्त काहीच करत नाही. पण मी गेलो की सगळे खुर्च्यांवर नीट बसतात आणि एका वेळी एकच जण बोलतो. पेंटच्या कंपनीत इतकी वर्षं हिशेब तपासून माझ्या चेहऱ्यावर एक प्रकारचा कंटाळा कायमचा बसला आहे, त्याचा हा परिणाम असावा.

सायकल दिवाणखान्यातच होती. हिरवी, जुनी, पण घासूनपुसून लख्ख केलेली, आणि पुढे टोपली. ताई तिच्या शेजारी अशी उभी होती, जणू मुलगा परीक्षेत पहिला आलाय.

"कशी आहे रे, बाळ?"

बाळ म्हणजे मी. काही महिन्यांत निवृत्त होणार आहे, पण ताईच्या दरबारी माझी बढती कधी झालीच नाही.

ताईची गोष्ट तशी साधी. लग्नाआधी ती सूतगिरणीत कामाला होती आणि सायकलने जायची. वाटेत मला कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायची. मी पूर्ण वेळ डोळे मिटून बसायचो, त्यामुळे शाळेचा रस्ता मला बरीच वर्षं माहीत नव्हता. लग्नानंतर ती एका छापखान्यात पुस्तकबांधणीच्या टेबलावर लागली. भाऊजींकडे स्कूटर होती. ते तिला रोज छापखान्याच्या दारात सोडायचे आणि संध्याकाळी आणायला जायचे. माणूस सोन्यासारखा, पण स्कूटरवर बोललेलं खपायचं नाही. ताई पाय डाव्या बाजूला सोडून मागे बसायची, गप्प. दोन वर्षांपूर्वी भाऊजी गेले, स्कूटर विकली गेली, ताई निवृत्त झाली. आणि आता ही हिरवी सायकल.

"मी सगळा जन्म या शहराची डावी बाजू बघितली," ताई म्हणाली. "डावीकडची सगळी दुकानं मला पाठ आहेत. उजवीकडे काय आहे ते आता बघायचंय."

मला राहवलं नाही. "ताई, जाताना जी उजवी, तीच येताना डावी होते. म्हणजे दोन्ही बाजू बघून झाल्या असणार."

"येताना अंधार असायचा," ताई म्हणाली. "बस खाली."

मी बसलो.

भाची हाडांच्या वॉर्डात परिचारिका आहे. तिला रस्ता दिसला की रस्ता दिसत नाही, थेट एक्स-रे दिसतो. "रोज एक तरी आजीबाई येते आमच्याकडे खुबा मोडून," ती म्हणाली. "रस्त्यावर गाड्या आहेत तोवर आई सायकलवर बसणार नाही. विषय संपला."

"आणि गाड्या नसतील असा रस्ता मिळाला तर?" ताईने विचारलं.

"या शहरात? मामा, तुम्हीच सांगा हिला."

इथे कुणीही शहाण्या माणसाने नाही म्हणून चहा मागितला असता. मी म्हणालो, "शोधून सांगतो."

मग रीतसर अट ठरली, कारण मी असलो की गोष्टी रीतसर होतात. ताईच्या घरापासून गावाबाहेरच्या तलावापर्यंत मी एक रस्ता दाखवायचा. त्यावर एकही मोटार, रिक्षा, टेम्पो, काहीही इंजिनाचं भेटता कामा नये. भाची स्वतः बरोबर येऊन बघेल. रस्ता निर्धोक निघाला तर सायकल ताईची. एक जरी गाडी आडवी आली, तरी सायकल सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकायची. ताईने सीटवरून हात फिरवला आणि मान डोलावली.

मी कॉलेजनंतर सायकलला शिवलो नव्हतो. आता एक विकत घेतली, आणि तिच्यासोबत हेल्मेट, पिवळं जाकीट, शिट्टी आणि हँडलला लावायचा आरसा. बायकोने मला दारात उभं करून नीट बघितलं. "रस्ता शोधायला निघालात की रस्ता दुरुस्त करायला?" एवढंच ती म्हणाली.

पण रस्ता मी शोधला, हे मात्र मान्य करावं लागेल. शहराच्या पोटातून असा रस्ता जातो यावर माझा स्वतःचाच विश्वास बसेना. ताईच्या इमारतीमागच्या बोळातून बाहेर पडलं की बंद पडलेल्या रेल्वेची जुनी वाट लागते. रूळ कधीच काढून नेलेत, खाली बारीक खडी आहे, आणि दोन्ही टोकांना लोखंडी खांब ठोकल्यामुळे गाडी आत शिरू शकत नाही. ती वाट संपते तिथे हमरस्ता आडवा येतो, पण त्याच्या खालून पादचाऱ्यांसाठी भुयार आहे. उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं, पलीकडे निघायचं. मग जलशुद्धीकरण केंद्राच्या भिंतीमागून पायवाट, आणि पुढे तलावापर्यंत कालव्याचा बांध. बांध रुंद आहे आणि तिथे खांब नाहीत, म्हणून मला शंका होती. त्या शंकेपायी मी शनिवारी आणि रविवारी थर्मास घेऊन बांधावर बसून राहिलो, एकदा नव्हे, लागोपाठ कित्येक आठवडे. गुरं आली, पळणारी माणसं आली, एक भांडणारं जोडपं आलं आणि समेट करून गेलं. गाडी एकही आली नाही. मी भाचीला कळवलं: रस्ता निर्धोक आहे.

भाचीला सुट्टी बुधवारी असते. मी रजेचा अर्ज दिला. मी रजा घेत नाही, नुसती साठवतो, त्यामुळे साहेब दचकले. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो. सायकल चालवायची आहे."

साहेबांनी जास्त काही न विचारता सही केली. निवृत्तीच्या तोंडावर माणसं अशी होतात, असं त्यांना वाटलं असावं.

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे मी, पिवळा. मधे ताई, रोजच्याच कपड्यांत, पायात कॅनव्हासचे बूट. मागे भाची, शेजाऱ्यांच्या सायकलवर, कपाळाला आठी. रेल्वेच्या वाटेवर घरांच्या पाठी दिसतात. स्वयंपाकघरांच्या खिडक्या, दोरीवरचे कपडे, गॅलरीत दात घासणारे लोक. ताई सारखी उजवीकडे बघत होती. "अगं, ही आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्याची मागची बाजू! बघ, किती पसारा. आणि मला सांगतात घर टापटीप ठेवा."

भाची हसली. मी ते आरशात पाहिलं. थोड्या वेळाने तिने उगाचच घंटी वाजवली. भुयारातून चालताना तिची आठीही गेली. जलशुद्धीकरणाच्या भिंतीमागे ती माझ्या बरोबरीने आली आणि म्हणाली, "मामा, मानलं तुम्हाला. खरंच एक गाडी नाही."

माझी छाती इतकी फुगली, की जाकिटाची चेन ताणली गेली.

बांधावर चढलो. तलावाचं पाणी लांबवर चकाकायला लागलं होतं. आणि समोरून, हळूहळू, गचके खात, एक गाडी येत होती. टपावर पाटी: ड्रायव्हिंग स्कूल.

आता शांत डोक्याचा माणूस काय करेल? बाजूला थांबेल. मी शिट्टी तोंडात धरली, जोरात पायडल मारत पुढे गेलो आणि गाडी थांबवण्यासाठी उजवा हात उंच केला. मला एका हाताने सायकल चालवता येत नाही, ही गोष्ट मला त्याच क्षणी कळली. सायकल उताराकडे वळली आणि मीही तिच्याबरोबर गेलो. कालवा त्या आठवड्यात बंद होता. तळाला गुडघाभर चिखल होता. शिट्टी तोंडातच असल्यामुळे मी पडेपर्यंत वाजत होतो.

वरून ड्रायव्हिंगच्या मास्तरांचा आवाज आला, "आजोबा, गाडी तर केव्हाची बंद पडलीय! थांबवताय कुणाला?"

स्टिअरिंग घट्ट धरून बसलेल्या शिकाऊ बाई रडकुंडीला आल्या होत्या. "मास्तर, मी मारलं का हो त्यांना?"

"नाही बाई. ते त्यांचे ते गेले."

भाचीने मला वर काढलं, मनगट दाबून बघितलं. मी ओरडलो. "हाड गेलंय," ती म्हणाली, अगदी सवयीच्या आवाजात. मग तिने गाडीकडे पाहिलं. "तुम्ही इथे नेहमी येता?"

"रोज. सोमवार ते शुक्रवार," मास्तर म्हणाले. "मोकळी जागा आहे ना. शनिवार-रविवार आमची सुट्टी."

"मामा, तुम्ही कोणत्या वारी बघितलं होतंत?"

मी चिखलाकडे बघत म्हणालो, "शनिवारी. आणि रविवारी." आठवड्याला आणखी पाच वार असतात, हे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला माहीत असतं. पण त्या वारी मी ऑफिसात असतो, म्हणून जगही ऑफिसात असेल असं मी धरून चाललो होतो.

भाची ताईकडे वळली. "गाडी आली, आई."

"आली खरी," ताई म्हणाली. तिने वाद घातला नाही. टोपलीतला रुमाल काढून हँडल पुसलं, घंटी पुसली, सीट पुसली. परत द्यायची वस्तू माणूस जशी पुसतो, तशी. मला मनगटापेक्षा ते जास्त दुखलं.

मला भाचीच्या इस्पितळात न्यायला ती गाडीच होती. मास्तरांनी चालवावी असं मी सुचवून पाहिलं, पण शिकाऊ बाई जागेवरून हलायला तयार नव्हत्या. "माझ्यामुळे झालंय, मीच नेणार!" भाची म्हणाली, मनगट कुठे पळून जात नाही, चालवू द्या. आमच्या दोन सायकली कालव्याच्या चौकीदाराकडे ठेवल्या.

"आई, तू सायकल हातात धरून चालत ये. हमरस्त्याने बसून यायचं नाही."

"बरं," ताई म्हणाली. ती इतक्या गोडीत बरं म्हणते तेव्हा सावध व्हायला हवं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

हमरस्त्यावर आमची गाडी मोठ्या चौकात दोनदा बंद पडली. मागून भोंग्यांचा कल्लोळ, बाई घामाघूम, मास्तर "क्लच, बाई, क्लच!" करतायत, आणि मी मागच्या सीटवर चिखलाने माखलेला. तेवढ्यात भाची किंचाळली, "आई!"

आमच्या उजव्या हाताने ताई पुढे गेली. सायकलवर बसून. तिने खांद्यावरून मागे पाहिलं, हात सरळ बाहेर काढला, आणि चौकाच्या मधोमध येऊन थांबली. समोरचा बसवाला थांबला, त्याने तिला जा म्हणून खूण केली. ताईने त्याला मान तुकवली आणि सावकाश उजवीकडे वळून गेली. कुठे घाई नाही, डगमग नाही. एका हाताने.

"बघा बाई," मास्तर म्हणाले, "याला म्हणतात वळण. आधी मागे बघणं, मग हात, मग वळणं. कुणाकडे शिकल्या असतील या?"

भाची इस्पितळ येईपर्यंत खिडकीतून मान बाहेर काढून आईला शोधत राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा ताई बाहेरच्या बाकावर बसून आमची वाट बघत होती. भाची तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे कधीपासून?"

"तू ड्यूटीवर गेलीस की जाते," ताई म्हणाली. "भाजी कशी येते घरात, वाटलं तुला?"

"मग मामांना कशाला पळवलंस इतके आठवडे?"

"अट तू घातलीस, शोधतो हा म्हणाला. मी कुठे काय म्हणाले?" मग माझ्याकडे बघून आवाज उतरवून म्हणाली, "आणि लहानपणी कॅरिअरवर डोळे मिटून बसायचा गं हा. म्हटलं, उघडे ठेवून बघू दे एकदा."

भाचीने मला प्लास्टरच्या खोलीत ढकललं. प्लास्टर ओलं असतानाच तिने निकाल दिला. "आईची सायकल राहील. फक्त मामांच्या सायकलचा आरसा काढून आईच्या सायकलला लावायचा. मामांना त्याचा उपयोग नाही, त्यांना पुढचंच दिसत नाही. आणि मामा, तुम्ही फक्त तुमच्या त्या रस्त्याने जायचं. शनिवारी आणि रविवारी."

मी होकार दिला. दुसरा हात मोकळा होता, पण तो वर केला नाही.

आता प्लास्टर निघालं आहे. दर शनिवारी आम्ही दोघं निघतो. ताई तलावापर्यंत माझ्या बरोबर येते, काठावर बसून थर्मासमधला चहा पिते आणि मला डॉक्टरांच्या पसाऱ्याबद्दल सांगते. मग ती हमरस्त्याने परत फिरते, कारण उजवीकडचं अजून पुष्कळ बघायचं राहिलंय. वळणावर ती माझ्यासाठी हात हलवते. मला परत हलवता येत नाही. मी बांधावरून, दोन्ही हात हँडलवर ठेवून, घंटी वाजवतो.