अण्णांची पेटी गुवाहाटीला

नाशिकरोड स्टेशनवर त्या दिवशी आम्हाला पोचवायला सातपूरच्या आमच्या वसाहतीतली निम्मी माणसं आली होती. कुणी चिवड्याची पिशवी आणली, कुणी आईसाठी उशी. शेजारच्या मंदाकाकूंनी तर भाकऱ्यांचा एवढा मोठा गठ्ठा दिला की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. काशिनाथकाका तेवढे आले नव्हते. आई गाडीत बसल्यावरही खिडकीतून जिन्याकडे बघत होती. गाडी हलली तशी ती म्हणाली, "नाय आला." मग शेजारी ठेवलेल्या अण्णांच्या पेटीच्या खोक्यावर तिनं हात ठेवला.

पेटी म्हणजे हार्मोनियम. माझ्या आजोबांची. सिन्नरकडच्या आमच्या गावातून आजोबा ती डोक्यावर घेऊन गावोगाव गायन पार्टीबरोबर फिरत. त्यांच्यानंतर ती अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आली. अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. पहिली पाळी सुटली की अंघोळ करून पेटी काढायची, हा त्यांचा नेम. पार्टीतले त्यांचे सोबती काशिनाथकाका ढोलकीवर. जयंती असो, विहारातला कार्यक्रम असो, कुणाचं लग्न असो, दोघांची जोडी ठरलेली. आई स्वयंपाकघरातून ऐकायची. ती पेटीला फक्त पुसण्यापुरता हात लावायची.

अण्णा गेले आणि वर्षभरात बँकेनं मला बढती देऊन गुवाहाटीला पाठवलं. मी एकुलती एक. आईला सातपूरच्या दोन खोल्यांत एकटी ठेवायला माझं मन धजेना. ती यायला तयार झाली, पण पेटी घेऊनच. मी म्हटलं, पार्सलनं पाठवू, नीट पॅक करून देतात. ती म्हणाली, "माणसाला पार्सल करतात का?" विषय तिथंच संपला.

खरी अडचण वेगळीच निघाली. निघायच्या आदल्या आठवड्यात काशिनाथकाका घरी आले. चहा समोर तसाच ठेवून म्हणाले, "वहिनी, पेटी पार्टीची हाय. रामदास गेला, आता पेटी बी नेणार? मग आम्ही काय टाळ्या वाजवत बसायचं?"

आई म्हणाली, "पार्टीनं वाजवली, मी कधी नाय म्हटलं का? पण ती माझ्या सासऱ्यांची हाय. माझ्याकडं दुसरं हाय तरी काय त्यांचं?"

काका उठून गेले. मला वाटलं, तुटलं आता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले ते खांद्यावर प्लायवूडचा खोका आणि हातात फोमची गुंडाळी घेऊन. त्यांची मुलगी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला आहे, तिच्याकडून आणलेला फोम. त्यांनी पेटीचा भाता दाबून पट्ट्यानं बांधला. सुरांच्या पट्ट्यांवर अण्णांचंच जुनं धोतर चौपदरी करून घातलं, मग झाकण लावलं. चारी बाजूंनी फोम इतका ठासून भरला की खोका हलवला तरी आतून आवाज येईना. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर ते खोक्यावर हात ठेवून क्षणभर बसले आणि निघून गेले. त्यानंतर स्टेशनवर काही ते आले नाहीत.

गाडीत खोका आईच्या खालच्या बर्थवर, आई उरलेल्या जागेत पाय मुडपून. बिहारमधल्या एका मोठ्या स्टेशनवर डबा एकदम भरला. आरक्षण असलेले, नसलेले, सगळेच चढले. एक धिप्पाड गृहस्थ मोहरीच्या तेलाचा भलामोठा डबा घेऊन आमच्यासमोर उभे राहिले. डब्याच्या बुचातून तेल झिरपत होतं. ते खोक्यावर डबा टेकवायला निघाले तशी आईनं दोन्ही हात आडवे घातले.

"माताजी, सामान नीचे रखिए. आदमी लोग खडा है."

आईचं हिंदी म्हणजे सातपूरच्या बाजारातलं. ती म्हणाली, "ये बी आदमीच है."

आजूबाजूचे हसले. ते गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, आत काय आहे? आई म्हणाली, "मालक का बाजा. मालक नहीं रहे." त्यांनी तेलाचा डबा उचलून स्वतःच्या दोन पायांमध्ये ठेवला आणि आमच्या बर्थला पाठ लावून उभे राहिले. जो कुणी खोक्यावर बसायला येई, त्याला ते नुसत्या मानेनं पुढे घालवत. त्यांचं स्टेशन संध्याकाळी आलं. उतरताना त्यांनी खोक्याला हात लावून नमस्कार केला. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. आई अजून त्यांना 'तेलवाले भाऊ' म्हणते.

गुवाहाटीत खोका उघडला तेव्हा पेटीवर एक ओरखडा नव्हता. मी मैत्रिणींना फोटो पाठवले. एवढ्या लांबून सुखरूप आणली म्हणून मलाच माझं कौतुक वाटत होतं. पण इथली हवा माझ्या हिशेबात नव्हती. नाशिकला कपडे दुपारपर्यंत कडक वाळतात. इथं तीन दिवस दोरीवर असतात आणि तरी गार लागतात. बघता बघता पेटीचं लाकूड फुगलं. मधल्या दोन पट्ट्या दाबल्या की खालीच राहायला लागल्या. भात्याच्या कापडाला बुरशी आली. अण्णांनी लहानपणी शिकवलेली तीन-चार गाणी मला येतात, त्यातलं एक वाजवायला बसले तर पेटी घशात कफ झालेल्या माणसासारखी बोलली. आई उठून गॅलरीत गेली.

माझ्या ऑफिसातल्या एकानं दुरुस्ती करणाऱ्याचा पत्ता दिला. देबूदा नावाचे वयस्कर बंगाली गृहस्थ. त्यांनी पेटी उघडली, फुंकून बघितली आणि हिंदीत मला समजावलं, की भाता गेलाय, पट्ट्या घासाव्या लागतील आणि आतले पितळी सूर फार जुने आहेत. सगळे नवे बसवू, पेटी नव्यासारखी होईल. मी हो म्हणणार तेवढ्यात आईनं माझा दंड धरला.

"त्यांना सांग, भाता बदला, लाकूड बदला, वरचं सगळं बदला. सूर नाय बदलायचे. घासून लावता येतील तेवढे लावा. ह्यांचा आवाज त्याच्यावर बसलेला हाय."

मी सांगितलं. देबूदा आईकडे बघून म्हणाले, वेळ लागेल. आई म्हणाली, लागू दे.

पेटी घरी आली त्या संध्याकाळी आईनं स्वतःहून काशिनाथकाकांना फोन लावला. पेटीवरून वाद झाल्यापासून दोघांचं बोलणं नव्हतं. काका व्हिडिओवर दिसले, तोंड वळवून बसलेले. आई म्हणाली, "भावजी, जरा ऐका. बरोबर लागलीय का सांगा." मी एक-एक पट्टी दाबत गेले. काकांनी डोळे मिटले. मधल्याच एका सुराला म्हणाले, "हां, हा जरा चढाच होता, रामदास दाबून घ्यायचा." मग ते डोळे पुसायला लागले. त्यांची सून मागून पाणी घेऊन आली.

पाणी पिऊन त्यांनी ढोलकी काढली. आम्ही एकत्र वाजवायचा प्रयत्न केला, पण फोनवर त्यांची थाप माझ्यापर्यंत उशिरा पोचायची आणि माझा सूर त्यांच्यापर्यंत. सारखा गोंधळ. शेवटी काका वैतागून म्हणाले, "आधी तुम्ही, मंग मी." तसं केलं. मी ध्रुवपद वाजवलं, आणि शेजारून आई गायला लागली. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. तिला सगळे अंतरे पाठ होते. तिचं झालं की तिकडून ढोलकी, मग पुन्हा ती. फोन ठेवताना काका म्हणाले, "वहिनी, राहू द्या पेटी तिथंच. जयंतीला फोन लावा, मी माईकपाशी धरतो."

तुमच्यापैकी जे तिकडेच आहेत, ते विचारतात, करमतं का? आणि जे माझ्यासारखे लांब गेलेत, ते काही विचारत नाहीत, त्यांना माहीत असतं. मी आधी म्हणायची, घर तिकडे राहिलं, इथं आपण नोकरीपुरते. आता इतक्या ठामपणे म्हणवत नाही. इथला भात आईला अजून गिचका वाटतो, पण खालच्या मजल्यावरच्या बरुआबाईंकडून ती आंबट मासा शिकून आलीय, आणि संध्याकाळी त्या दोघी एकमेकींची भाषा न समजता तासभर बोलतात.

परवा मी म्हटलं, मेमध्ये रजा टाकते, नाशिकची तिकिटं काढू का? आई पेटी पुसत होती. म्हणाली, "काढ की. मंदाला भेटायचंय, काशिनाथाला बघायचंय." थोड्या वेळानं तिनं पुन्हा हाक मारली, "माया, परतीचं बी आत्ताच काढ गं. इथल्या हवेत पेटी लय दिवस बंद ठेवता येत नाय."